माझे साडू आणि कॉलेजचा चौकीदार

बोहल्यावर उभ्या नवरदेवाला अंतरपाटाच्या वरून डोकावून "एमबीए केलं का पीजीडीएम?" असं विचारणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत. तिवशाच्या त्या लग्नात भटजी मंगलाष्टक विसरले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. अकोल्याच्या जठारपेठेतले हे निवृत्त कारकून स्वतः बीकॉमच्या पुढे गेलेले नाहीत. पण एमकॉम घ्यावं, विद्यापीठाची एमबीए घ्यावी, की खासगी संस्थेची पीजीडीएम ही पदविका, हे ते कोणी विचारायच्या आधीच सांगतात. कॉलेज पाहायला गेले तर संचालकांना भेटत नाहीत. थेट फाटकावर जाऊन चौकीदाराला तंबाखू मळून देतात आणि विचारतात, "मांगच्या वर्षीचे पोरं नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आलते का?" झाली चौकशी!

मी वरूडचा. संत्र्याचे बगीचे झाडावरच पारखून घेतो, आणि सौद्यात आजवर हरलेलो नाही. मुलीसाठी मी पुण्याकडची, काचेच्या इमारतीतली पीजीडीएम पक्की केली होती. प्रवेशाला दोनच दिवस उरले होते. फोनवर मी एकदा आवाज चढवला आणि कॉलेजवाल्यांनी तिसरा हिस्सा फी सोडली. हा पराक्रम सांगायला मी मुलीला घेऊन मुद्दाम जठारपेठेत गेलो. पुढच्या खोलीतल्या स्टेशनरीच्या दुकानात साडूंचा मुलगा वह्या लावत होता. साडूंनी चहा बशीत ओतला आणि माझ्याकडे न बघता मुलीला विचारलं, "पोरी, बगीचेवाला पयल्याच बोलीत एवढा उतरला, तं तुया बाप काय समजते?"

"झाडाले रोग हाये," पोरगी म्हणाली.

माझीच विद्या, माझीच पोरगी, आणि वार माझ्यावरच! "काहून हो, माया पोरीले माया देखत फितवून राहिले तुमी?" मी कप आपटला. साडू नुसते चहा फुंकत राहिले. दुसऱ्या दिवशी ते तिला अमरावतीच्या एका साध्याशा एमबीए कॉलेजात घेऊन गेले. तिथला चौकीदार हात जोडून म्हणाला म्हणे, "पेढ्याचं नाव नका काढू साहेब, मले शुगर झाली." तिनं तिथंच प्रवेश घेतला. मी दोन वर्षं साडूंशी बोललो नाही.

परवा पोरीला नोकरी लागली. पेढ्याचा डबा आणि दोन वर्षं साठवलेल्या शिव्या घेऊन मी जठारपेठ गाठली. बोलता बोलता कळलं, दुकानात बसलेला त्यांचा मुलगा तेव्हाच त्या काचेच्या इमारतीतून पीजीडीएम होऊन आलेला होता.

"मंग तवाच सांगाचं ना!" मी ओरडलो.

"पोरगा आयकत होता, भाऊ," ते हळूच म्हणाले.

त्यांनी एक पेढा उचलला. खाल्ला नाही, दुकानात जाऊन मुलाच्या हातावर ठेवला आणि थोडा वेळ तिथंच उभे राहिले. शिव्या द्यायच्या राहून गेल्या, हे मला परत जाताना अमरावती आल्यावर आठवलं.