कॅलेंडरावरचे कावळे

बायकांच्या दवाखान्यात वीस वर्षं नर्स म्हणून उभं राहिलं की पायात गोळे जमतात आणि डोक्यात किस्से. गोळ्यांना तेल चोळते. किश्श्यांना काय चोळू?

एकोणीसशे तिसाच्या पुढचं साल असेल. आमच्या रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी नवीन वाचलं होतं, की पाळीच्या तारखा मांडल्या तर दिवस कधी राहतील ते ताडता येतं. कुणाला मूल हवं, कुणाला पुरे. दोघींना एकच कॅलेंडर. पण लिहिता कुणाला येतं? मीच शहाणी म्हटलं, "कावळा शिवला की त्या तारखेवर कावळा काढा." भोगतेय अजून.

*

नाटे गावची एक कोळीण, सात पोरांची आई. तिच्या कॅलेंडरावर महिनाभर कावळेच कावळे. मी घाबरले. "अगो, रोज जातंय अंगावर?"

"नाय वो बाय. मासळी वाळत घातलीय. रोज शिवतात मेले."

*

गुहागरच्या एका सुनेचा कागद सासऱ्यांनी पाहिला. "कावळा पिंडावरचा. घरात नको. पोपट काढा." पुढल्या महिन्यात पाच पोपट आले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला आणि पोपट मोजले.

*

गोपिका देवरूखकडची. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. नवरा मुंबईला गिरणीत, घरी यायचा शिमग्याला नि गणपतीला. सासूनं दुसरी मुलगी बघून ठेवलेली. शिमग्याला मुलगा आला की बोलणी.

गोपिकेचा एकही कावळा कधी चुकला नाही. पण मूल राहायचे ते मधले दिवस दोन्ही सणांना हुकायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवऱ्याला दिवाळीनंतर बोलाव."

"मुकादमाला काय सांगतील? कावळ्यानं बोलावलंय?"

शेवटी मीच पत्र लिहिलं : आई आजारी, ताबडतोब ये. तो आला. सासूला नशिबानं खोकला होता, म्हणून निभावलं. चार दिवस राहून गेला.

*

दीड महिन्यानं गोपिका दवाखान्यात आली. कॅलेंडर कोरं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हसल्या.

गोपिका मला म्हणाली, "नर्सबाय, त्यांना कळवा. पण उघडं कार्ड, पोस्टमन वाचतो. जपून लिवा."

मी जपून लिहिलं : "कावळा अजून शिवला नाही. गोपिका खुशाल."

आठव्या दिवशी नवरा अंगणात उभा. डोकं आणि मिशी, दोन्ही सफाचट. आई भात कांडत होती. तिनं मुसळ थांबवलं.

"कोण गेला रे?"

"तूच गं, आये."