मर्व प्रिंगलचा अर्धा ट्रेलर

गाडीमागे जोडायचा ट्रेलर आमच्या गल्लीत एकच, मर्व प्रिंगलचा, आणि तो वापरायचे सगळे. कुणाला फाटकी गादी कचराडेपोत टाकायची असो, कुणाला बागेसाठी माती आणायची असो, मर्वच्या दारात जायचं, किल्ली मागायची आणि त्याची स्टेशन वॅगन ट्रेलरसकट घेऊन जायची. परत देताना ट्रेलर झाडून द्यायचा आणि आत काहीतरी ठेवायचं, बटाट्यांची पिशवी नाहीतर बिअरचा खोका. मात्र मर्व स्वतः कधी कुणाबरोबर गेला नाही. "घेऊन जा रे, माझी पाठ धरलीय," म्हणायचा. मी ओमारूच्या या टेकडीवर राहायला आले तेव्हापासून त्याची पाठ धरलेलीच होती.

मी प्रिंगलांच्या समोर राहते, त्यामुळे मर्वची खुळं मला पाठ. स्वतःच्या घरची लाकडं आणायला तो नेमका शनिवारी दुपारी, रग्बीचा सामना सुरू झाला की निघायचा. अख्खी गल्ली टीव्हीसमोर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि हा बाबा लाकडं आणतोय. बरं, ट्रेलर कधी काठोकाठ भरायचा नाही. अर्धाच. "स्प्रिंगा बसतील," म्हणे. शेजारचा डग त्याला चिडवायचा, "मर्व, पुढच्या वेळी नातीची बाहुलीगाडी घेऊन जा की! तेवढीच लाकडं बसतील." मर्व हसून सोडून द्यायचा. लोकरीच्या गोदामात जन्म काढलेला माणूस, भांडण त्याच्या स्वभावातच नव्हतं.

एका बाबतीत मात्र डगसुद्धा त्याला मानायचा. प्रिंगलांच्या घराची भिंत आणि डगचं कुंपण यांच्यामध्ये एक चिंचोळा बोळ आहे आणि लाकडं ठेवायची शेड बोळाच्या पार टोकाला. ट्रेलर आत न्यायचा तर रस्त्यावरून उलटाच घालायला हवा. ज्यांनी ट्रेलर जोडून गाडी रिव्हर्स घेतली आहे त्यांना सांगायला नको. स्टिअरिंगचं चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि जरा जास्त फिरवलं की गाडीशी काटकोन करून उभा राहतो. भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण मर्वच्या भिंतीवर एक ओरखडा नव्हता. "हात आहे बुवा त्याला," डग म्हणायचा, आणि डगच्या तोंडून कुणाचं कौतुक निघणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक.

मागच्या वसंतात मर्वला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. तोही शब्द ओठांवर यायला इतका वेळ घ्यायचा की समोरच्याचा जीव गोळा व्हायचा. नोएलीनने, त्याच्या बायकोने, त्याला घरी आणलं. उन्हाळाभर तिने त्याचं सगळं केलं, आंघोळ, जेवण, फिरवणं, आणि वर कुणी दया दाखवलेली तिला खपायची नाही. मदतीला गेलं की दारातूनच विचारायची, "काय गं, तुझ्या घरची कामं संपली वाटतं?"

त्यांची मुलगी जॅनीन क्राइस्टचर्चला असते. बापावर तिचा जीव आहे, म्हणूनच ती हट्टाला पेटली. तिने तिकडे एका वृद्धाश्रमात वडिलांसाठी जागा शोधली होती आणि मार्चमध्ये, इकडचा हिवाळा तोंडावर आलेला असताना, ती स्पष्टच बोलायला आली. मी केक द्यायला गेले होते आणि नको तिथे अडकले.

"आई, या घरात ऊब फक्त लाकडाच्या शेगडीची. बाबांना यंदा थंडी झेपेल का? शेगडीला लाकडं कोण आणणार?"

"मी."

"ट्रकवाला फाटकाशी ओतून जातो. तिथून आत कोण वाहणार? तुझ्या गुडघ्यांनी?"

"ट्रेलरने आणीन. गाडी मला चालवता येते."

"गाडी येते. ट्रेलर रिव्हर्स घेता येतो?"

मर्व खिडकीपाशी खुर्चीत होता. त्याने मान वळवून बाहेर बघितलं.

"येईल," नोएलीन म्हणाली.

"ठीक आहे. शनिवारी एक खेप शेडपर्यंत नेऊन दाखव. कुणाच्या मदतीशिवाय. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर बाबांची जागा पक्की करते, आणि तू रडायचं नाहीस."

"मी कधी रडले गं?" नोएलीन म्हणाली. पण ती मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने केकचा डबा न उघडताच माझ्याच हातात परत दिला. मला जॅनीनचा असा राग आला! आणि तिचं काही चुकत नव्हतं याचा त्याहून जास्त.

आठवडाभर नोएलीन रिकामा ट्रेलर घेऊन शाळेच्या मैदानावर सराव करत होती. शनिवारी ती भरलेला ट्रेलर घेऊन परतली तेव्हा तिला प्रेक्षक कमी पडू नयेत म्हणून की काय, सगळी गल्ली रस्त्यावर. जॅनीनने बापाला चाकाच्या खुर्चीतून ओट्यावर आणलं होतं, मांडीवर घोंगडी घालून. डग कुंपणाला टेकून उभा, हातात मग. असल्या वेळी पुरुषांना घरात काही काम कसं नसतं, मला कळत नाही.

पहिल्यांदा ट्रेलर डगच्या कुंपणाकडे गेला. नोएलीनने गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे आणली. आता ट्रेलर भिंतीकडे. मग तो मध्येच दुमडून आडवा झाला.

"चाक खालून धर, खालून!" डग ओरडला.

"तू तोंड खालून धर!" नोएलीन खिडकीतून ओरडली.

हसू आलं सगळ्यांना, पण थोडाच वेळ. तिने किती वेळा गाडी पुढेमागे केली कोण जाणे. रबराचा जळका वास सुटला. काचेतून तिचा चेहरा दिसत होता, लालबुंद, घामाने केस कपाळाला चिकटलेले. एकदा भिंतीला घासून ट्रेलरने लांब पांढरी रेघ ओढली आणि जॅनीनने डोळे मिटून घेतले. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठेच नव्हता.

तेवढ्यात मर्व बोलला.

"काढ."

सगळे वळले. त्याचा डावा हात हवेत होता.

"आई, बाबा म्हणतायत गाडी बाहेर काढ," जॅनीन म्हणाली. "पुरे झालं."

मर्वने मान हलवली. नाही. "काढ," तो पुन्हा म्हणाला.

"बरोबर आहे, पुढे काढ आणि सरळ कर," डग म्हणाला.

मर्वने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. तोंड वेडंवाकडं झालं, मान ताठली. बोट गाडीकडे नव्हतं. गाडी आणि ट्रेलर जिथे जोडले होते, तिथल्या लोखंडी गोळ्याकडे होतं.

"ट्रेलर... काढ. मी... सुद्धा... काढायचो."

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. रग्बीच्या वेळची सुनसान गल्ली. अर्धाच भरलेला ट्रेलर, म्हणजे एका माणसाला हाताने ढकलत नेता येईल इतकाच. कोरी करकरीत भिंत. या माणसाने आयुष्यात एकदाही ट्रेलर रिव्हर्स घेतला नव्हता. रस्त्यातच सोडवायचा आणि ढकलत न्यायचा. आणि कुणाबरोबर गेला तर पितळ उघडं पडेल, म्हणून ती पाठ.

नोएलीन गाडीतून उतरली. कमरेवर हात ठेवून ओट्यासमोर उभी राहिली.

"मर्व प्रिंगल! आणि मला दर वेळी चहा टाकायला आत पिटाळायचास!"

"चहा... चांगला... करतेस."

डगच्या मगातली कॉफी त्याच्या बुटांवर सांडली. आम्ही इतके हसलो की शेवटी पोट धरून बसावं लागलं, आणि मर्वही हसत होता, अर्ध्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झटक्यानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. लग्न झाल्यापासून जपलेली गोष्ट त्याने भर रस्त्यात, त्यातही डगसमोर सांगून टाकली होती.

नोएलीनने ट्रेलर सोडवला. डग हातातला मग कुंपणावर ठेवून ढकलायला येऊन उभा राहिला आणि मी त्याच्या शेजारी. दांडा जॅनीनने धरला. ट्रेलर पूर्ण भरलेला होता, आमच्या नाकी नऊ आले, पण तो बोळातून सरळ आत गेला. मर्वलाही खुर्चीसकट मागोमाग आणला, त्याला बघायचं होतं म्हणून.

शेडपाशी पोचल्यावरही जॅनीन दांडा धरून तशीच उभी होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुला नाही जमलं."

"नाही जमलं," नोएलीन म्हणाली. वाद घातला नाही, रडलीही नाही. एप्रनला हात पुसत राहिली.

"आपलं ठरलं होतं."

"हो. ठरलं होतं."

मर्वचे ओठ हलायला लागले. आम्ही थांबलो. शब्द एकेक करून, कुठून तरी खोलातून ओढत तो मुलीला म्हणाला,

"मलाही... कधी... नाही जमलं." मग दम घेतला. "तुला... इथे... कधी... थंडी... वाजली?"

जॅनीन त्याच्यासमोर ओल्या फरशीवर बसली आणि तिने घोंगडीत तोंड खुपसलं. मर्वचा डावा हात तिच्या डोक्यावर होता. बऱ्याच वेळाने तिने तोंड वर केलं, नाक ओढलं आणि आईला विचारलं, "दुसरी खेप कधी आणायची?"