आम्ही तिथं पाय ठेवत नाही

शाळेच्या नव्या खोल्यांना मी आडवी आले, हे अजूनही मला ऐकवलं जातं. पोंभुर्ण्याच्या बाजारात वांगी निवडताना कोणी अनोळखी बाईसुद्धा विचारते, "तूच ना वं, शाळा अडवणारी?" शाळा मी कधीच अडवली नाही. माझी दोन्ही पोरं त्याच शाळेत, गळक्या छपराखाली दप्तरं पोटाशी धरून बसायची. शाळेच्या समितीत पालक म्हणून मीच होते. खोल्या मलाही हव्या होत्या, फक्त त्या जागेवर नको होत्या.

ती जागा म्हणजे आमच्या तलावाचा वरचा, उथळ काठ. आमचा अख्खा मोहल्ला या तलावातल्या मासोळीवर जगायचा. तलाव फुगला की पाणी तिथं गवतात पसरतं आणि मरळ, मांगूर अंडी घालायला वर चढतात. त्या काठावर जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही, ही आमची रीत. माझ्या सासऱ्यांनी एकदा सख्ख्या भावाचं जाळं तिथून ओढून तलावाच्या पाळीवर फेकलं होतं. दोघं कित्येक महिने एकमेकांशी बोलले नाहीत. उन्हाळ्यात मात्र तीच जागा कोरडी ठणठणीत असते, गुरं चरतात. मोजणी उन्हाळ्यातच झाली.

ग्रामसभेत मी उभी राहिले. "साहेब, इथी मासा चढते. इथी भराव टाकला तं तलाव रिकामा होईन."

लोक हसले. मोजणी करणारा इंजिनियर मात्र हसला नाही. तो भला माणूस होता, आणि हे लिहिताना माझा जळफळाट होतो. त्यानं शांतपणे विचारलं, "त्या जागेवर मासे कोण धरतं?"

"कोणीच नाई."

"कधीच नाही?"

मला तर अभिमानच वाटला. "कधीच नाई जी. आम्ही तं पाय बी नाई ठेवत तिथी."

"म्हणजे वापर कोणाचाच नाही," तो हेडमास्तरांकडं वळून म्हणाला, आणि विषय मिटला.

मी उभीच राहिले. आम्ही जपलं म्हणून वापरलं नाही, आणि वापरलं नाही म्हणून ती जागा आमची नाही! मी पुन्हा बोलायला लागले तोवर सरपंचानं विचारलं, "पोराईले शाळा पाहिजे का नाई?" सगळे हात वर गेले. त्यात माझ्या नवऱ्याचाही होता.

घरी आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "तू काऊन हात वर केला?"

"त्याईनं शाळेचं विचारलं," तो म्हणाला. "तलावाचं कोणी विचारलं का?"

पुढं मी तालुक्याला खेपा घातल्या, चंद्रपूरलाही जाऊन आले. सगळीकडं एकच प्रश्न: तुमचा वापर दाखवा. न टाकलेलं जाळं कसं दाखवायचं?

मुरूम पडला, भिंत उभी राहिली. पुढच्या पावसाळ्यात मासे नेहमीसारखे चढले आणि भिंतीशी येऊन अडले. चिखलात नुसती तडफड. गाव टोपल्या घेऊन धावलं. आमच्या मोहल्ल्यातल्यांनीही धरले. मरणारच आहेत तर सोडायचे कशाला, म्हणाले. "शाळेनं यंदा मासे खाऊ घातले," असं जो तो हसून सांगत होता. शेजारणीनं प्रेमानं माझ्याकडंही दोन मरळ आणून दिल्या. चिरल्या तर पोटं अंड्यांनी गच्च भरलेली. मी विळीवर बसून ढसाढसा रडले. नवऱ्यानं त्या दिवशी कोरडा भात खाल्ला.

त्यानंतर जाळी हलकीच वर येऊ लागली. आधी गडीमाणसं तेलंगणात मिरची तोडायला गेली, मग बाया, मग बायांच्या मागं पोरंही. नव्या खोल्यांत फरशी आहे, पंखे आहेत. आमच्या मोहल्ल्यातली पोरं मात्र फारशी उरली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात हेडमास्तर आमच्या दारात आले. खाटेवर टेकले, चष्मा पुसला.

"बाई, पट घसरून राह्यला. असंच चाललं तं शाळा बंद करतीन. पोरं गेली कुठी सारी?"

"मिरचीले."

"तुम्ही समितीत आहा. समजवा न त्याईले. तुमचं ऐकतेत ते."

माझं ऐकतात म्हणे! ओरडावंसं वाटलं, पण रागही शिल्लक नव्हता. मी त्यांना पाण्याचा गिलास दिला. आत आमचीही बोचकी बांधून तयार होती, गाडी सकाळची होती, आणि माझी दोन्ही पोरं दाराआड उभी राहून सर कधी जातात याची वाट बघत होती.