नातीसाठी उत्तर मागणारी आक्का

आक्काने प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत ती हलत नसे. मी लातूरहून मुळशीतल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले, त्या पहिल्याच आठवड्यात ही साठीची उंच धनगरीण हातात एक कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

तिची दोन वर्षांची नात, ईश्वरी, दुपारी जेवून झोपली ती उठलीच नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. शवविच्छेदन झालं आणि कित्येक महिन्यांनी हा कागद आला : मृत्यूचे कारण निश्चित करता येत नाही. तोवर भावकीने कारण ठरवूनही टाकलं होतं. आईचं लक्ष नव्हतं म्हणे. सून सुनीता माहेरी निघाली, तेव्हा आक्काने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "तू कुटं जायाचं न्हाई. पोर माझ्याबी शेजारी निजली व्हती."

अशा मृत्यूंवर आपल्याकडे फारसं संशोधन होत नाही, त्याला सरकारी निधी लागतो, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माझं मेंढरू असं पटकन मेलं, तर जनावरांचा डाक्टर त्याचं काळीज तपासाया पुण्याला धाडतोय. मागची वाचावीत म्हनून. मग पोरांचं का न्हाई?"

ती उभीच. शेवटी मी कॉलेजातल्या माझ्या सरांना फोन लावला. ते लहान मुलांचे डॉक्टर. अशा अभ्यासाचा त्यांचा प्रस्ताव मंत्रालयातून दोनदा परत आला होता. रोगच ठाऊक नाही, तर निधी कशासाठी द्यायचा, असा शेरा होता.

त्यानंतर आक्काने तालुक्याची एकही आमसभा चुकवली नाही. रस्ते, पाणी, बिबट्या यांवर बोलून झालं की ती उठायची आणि तेच विचारायची. पहिल्यांदा लोक हसले. पुढे तिच्याबरोबर अशीच मुलं गेलेल्या आणखी दोन आया उठू लागल्या. एक धरणाकाठची, दुसरी पुण्याला लागून असलेल्या सूसच्या सोसायटीतली, कंपनीत नोकरी करणारी. मग कोणी हसेना. सभेने ठराव केला, सरांनी तो तिसऱ्या प्रस्तावाला जोडला आणि निधी मंजूर झाला.

ईश्वरीचे राखून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले. घरच्यांनी तपासणीसाठी रक्त दिलं. अहवाल घेऊन मी आक्काच्या गावी, चांद्याच्या माळावर गेले, तिथे आक्का मेंढरं चारत होती. घरच्यांकडून काही चुकल्याची खूण सापडली नव्हती, पण कारणही सापडलं नव्हतं. मी चाचरतच सांगितलं.

तिने कळपाबाहेर गेलेलं एक कोकरू आत वळवलं. मग म्हणाली, "हुडकलं ना समद्यांनी?"

"हो, आक्का."

"मग बास. न घावनं येगळं, न हुडकनं येगळं."

पण त्याच संध्याकाळी तिने मला देवळापुढे तो अहवाल भावकीला मोठ्याने वाचून दाखवायला लावला. सुनीता सगळ्यांत पुढे बसली होती. बाकीच्यांच्या माना खाली होत्या.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. अभ्यास चालू आहे. कुठे एखादं मूल असं गेलं की अभ्यासाच्या आमच्या पथकाबरोबर सुनीता येते. दारातल्या बायकांतून वाट काढत आत जाते आणि त्या आईला आधी एवढंच विचारते, "लेकराचं नाव काय वं, ताई?"