मांडवी: आईला श्वास घेता यावा म्हणून

दिवाळीनंतर दिल्लीच्या धुरात आईचा दमा पुन्हा उसळला आणि डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हवाबदल करा." जणू हवा दुकानात बदलून मिळते!

गुडगावजवळच्या मानेसरच्या कारखान्यात माझ्यासोबत काम करणारा कच्छचा मित्र म्हणाला, "मांडवी ले जा. मेरी मौसी कमरा देगी."

"समुद्रावर? दम्याला दमट हवा?" माझी शाळा नववीत सुटली, पण किनाऱ्यावर हवा दमट असते एवढं पाठ होतं.

"यार, तू कोकण समझ रहा है. हमारे यहाँ बारिश मेहमान जैसी आती है. चाय भी नहीं पीती."

गुडगावहून भुजला थेट गाडी आहे. जवळजवळ अख्खा दिवस जातो. स्लीपरचं तिकीट सहाशेच्या आसपास. आधीच काढा आणि पांघरूण न्या. भुजहून मांडवीला एसटी दीडेक तासात पोचवते. वाटेत दोन्ही बाजूंना कीकर, आपल्या दिल्लीतलीच काटेरी झाडं. पुलाखाली नदीऐवजी वाळू. ते बघून माझं डोकंच फिरलं. आजारी आईला कुठल्या वैराणात आणलं मी?

मौसी, म्हणजे जेठीबेन. त्यांच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात साठतं. बोअरचं पाणी खारट, कारण इथे जमिनीखालीही समुद्र शिरलाय. हे मला कळलं ते टाक्यातल्या पाण्याने धुळीचे पाय धुतल्यावर.

"ए दिल्लीवाले! वो पीने का है! अगली बारिश तक चलाना है!"

"पहले बताना था ना!" मीही ओरडलो.

"अरे, त्यांच्याच घरात उभं राहून त्यांच्यावरच आवाज चढवतोस, लाज नाही वाटत?" आई कडाडली.

मी तांब्या खाली ठेवला. लाजेने नाही. एवढं मोठं वाक्य ती एका दमात बोलली होती, मध्ये कुठेही न थांबता.

हिवाळ्यात इथे सकाळी जमिनीवरून कोरडा वारा येतो, दुपारनंतर समुद्रावरून. आई वाळूत चालली, दोन दाबेल्या खाल्ल्या, वर माझ्यातली अर्धीही. निघायच्या दिवशी तिने बॅग भरलीच नाही.

"मी राहते इथेच."

"एकटी?"

"जेठीबेन आहेत ना. त्यांनाही ओरडायला कोणीतरी हवंच."

जेठीबेन हसल्या. "होली के बाद ले जाना, बेटा. फिर यहाँ भी हवा भारी हो जाती है." तुम्हीही जाणार असाल तर थंडीतच जा.

गुडगावला उतरलो तर समोरचा फलाट धुरकट, डोळे चुरचुरले. कारखान्यात सगळे विचारतात, "ट्रिप कैसी रही?" ट्रिप? बाबांची सगळी सरकारी नोकरी दिल्लीत झाली. आईने संसार इथे केला. आता श्वासासाठी तिला परक्या अंगणात, जपून पाणी पीत राहावं लागतंय, आणि इथे हवेचा विषय काढला की लोक खिडकी लावून घेतात.

संध्याकाळी आईचा फोन येतो. ती धाप न लागता खूप वेळ बोलते. मला आनंद होतो, पण त्याच्या आधी राग येतो.