पाचवा रकाना

"पाट्टी, तात्ता उठतच नाहीत," असं म्हणून, तमिळमध्ये मला आजी म्हणणाऱ्या घरकामाच्या सेल्वीने खाली नेलेला कॉफीचा टंबलर तसाच भरलेला माझ्या हातात परत दिला. कॉफी अजून गरम होती... ती हातात धरूनच मी खाली गेले.

मीरा, रोहन, तुमचे खालच्या मजल्यावरचे हेल्मुट तात्ता, तुमचे जर्मन आजोबा, गेले त्याला सहा आठवडे झाले. तुमची आई फोनवर म्हणते, शंभरीला टेकलेला माणूस, शांतपणे गेला. खरं आहे. मला मात्र तेवढ्याने बरं वाटत नाही, आणि का ते तुम्हाला सांगायला हवं.

ते जर्मनीहून गिंडीच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आले तेव्हा मी तिथे स्टेनो होते. दोन वर्षांसाठी आलेला माणूस कायमचा राहिला. टूलरूममध्ये नव्या कामगारांना ते महिनाभर नुसती कानस चालवायला लावत. माझ्या टेबलापाशी थांबून म्हणत, "मिसेस राव, तुमच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या!" महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, अठराव्या वर्षी, ते रणगाड्यावर तोफ डागायला होते, हे मला फार उशिरा कळलं.

मीरा, गेल्या वर्षी तुला शाळेच्या प्रकल्पासाठी त्यांच्या पदकांची माहिती हवी होती. तुझा यात काही दोष नाही. मी माझ्या सवयीने तक्ता आखला. वर्ष, हुद्दा, ठिकाण, पदक, आणि पाचवा रकाना, कशासाठी. त्यांनी बिस्किटाचा डबा उघडला. लढाईत जखमी झाल्याचा काळा बिल्ला, रणगाडा-हल्ल्याचा बिल्ला आणि लोखंडी क्रॉस. क्रॉसच्या मधलं नाझी स्वस्तिकाचं चिन्ह त्यांनी स्वतः कानशीने घासून सपाट केलं होतं. तिथे बोट फिरवलं तर काहीच लागत नव्हतं.

"हा कशासाठी?" मी विचारलं.

त्यांनी क्रॉस तळहातावर घेतला. मग म्हणाले, "एक घर होतं, मिसेस राव. पिवळ्या दाराचं. आम्हाला सांगितलं होतं की आत..."

मी घड्याळाकडे पाहिलं. तीन ओळी राहिल्या होत्या. "ते नंतर निवांत सांगा," मी म्हटलं, "आधी वर्षं पुरी करू." त्यांनी मान हलवली आणि वर्ष सांगितलं. पाचव्या रकान्यात, क्रॉससमोर, मी टाईप केलं, शौर्यासाठी. एक प्रत तुला पाठवली, एक त्यांना दिली.

पुढे दोनदा मी त्या घराची गोष्ट काढली. दोन्ही वेळा ते हसून म्हणाले, "तक्ता पूर्ण झाला ना? मग झालं."

ऐंशी वर्षं त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. एकदा सांगायला तोंड उघडलं, तर समोर मी होते. त्या दाराआड कोण होतं, तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. आता कुणालाच कधी कळणार नाही.

त्यांचा डबा सेल्वीने माझ्याकडे आणून दिला. क्रॉसखाली माझाच कागद घडी करून ठेवलेला होता. चार रकाने जसेच्या तसे. पाचव्यातला तो एक शब्द मात्र त्यांनी घासून काढला होता. फार हळू हाताने, कागद फाटू न देता. खिडकीशी धरला की तेवढ्या जागेतून उजेड येतो.