हिरवळीवरची पंगत

माझ्या दोघा नातवंडांनो,

आजच लिहायला का बसले, ते आधी सांगते. गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाचे जुने सेक्रेटरी गेले. नॉटिंगहॅमला नेहमीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चार जण बोलले आणि चौघांनीही एकच गोष्ट सांगितली: सेक्रेटरींनी चाळीस मराठी माणसांना इंग्रजांच्या बोलिंग ग्रीनवर जेवायला कसं बसवलं. लोक हसले, मग डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसून चहा प्यायले आणि गप्प राहिले. ही गोष्ट तुमच्या आईने तुम्हालाही सांगितली आहे, आणि तीही तशीच. ती चुकीची आहे. ते होते तोवर मला वाटायचं, एकदा त्यांच्या समोरच सगळ्यांना सांगून टाकू. आता ती सोय राहिली नाही. तुम्ही ऑकलंडला, तुमचं मराठी वाचन बेताचं, म्हणजे हे तुम्हाला तुमची आईच वाचून दाखवणार. तिला म्हणावं, मध्ये थांबायचं नाही.

तुमच्या आजोबांना हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इथे आलो. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली. माझी समजूत अशी, की इंग्लंड मला पाठ आहे. कुठला काटा कशासाठी, आभाराचं पत्र किती दिवसांत टाकायचं, सगळं येत होतं. पण शेजारणीने "कशा आहात?" विचारलं तर उत्तर द्यायचं नसतं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी तिला माझ्या सर्दीची हकिगत सुरुवातीपासून सांगितली. त्यानंतर मी अंगणात आले की तिला घरात काहीतरी काम आठवायचं.

सहलीचंही तसंच. पहिल्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, आजोबांच्या एका सहकाऱ्याने आम्हाला समुद्र दाखवायला नेलं. दोन तास गाडी चालवली आणि समुद्राकडे तोंड करून उभी केली. पाऊस होता, काचा वर होत्या. थर्मासमधला चहा निघाला, काकडीचं सँडविच निघालं. रांगेत आणखी तीसेक गाड्या, प्रत्येकीत एकेक जोडपं, आणि सगळे न बोलता वायपरच्या फटीतून पाण्याकडे बघत बसलेले. तासाभराने तो म्हणाला, "लव्हली," आणि गाडी वळवली.

आजोबा हळूच मला म्हणाले, "मला वाटलं, यांच्यात कुणी गेलंय की काय."

आपला प्रकार याच्या अगदी उलट. मंडळाच्या वार्षिक ट्रिपसाठी तीन समित्या नेमल्या जात: एक जागा ठरवायला, एक जेवण ठरवायला आणि एक पहिल्या दोघींत समेट घडवायला. बसमध्ये माणसं चाळीस आणि जेवण ऐंशींचं. बघायचं ठिकाण हे निव्वळ निमित्त. एका लॉर्डच्या हवेलीत आम्ही वीस मिनिटं होतो आणि तिच्या कार पार्कमध्ये तीन तास. सेक्रेटरी कौन्सिलच्या रस्ते खात्यात इंजिनिअर होते. त्यांना शिस्त फार प्रिय. गळ्यात शिट्टी असायची. ती वाजली की बसायचं, पुन्हा वाजली की उठायचं. मला हे आवडायचं. माझ्याकडे यादी, त्यांच्याकडे शिट्टी, त्यामुळे आमचं छान जमे.

त्या वर्षी तुमची आई अकरा वर्षांची होती. नवी शाळा सुरू होऊन दोनच टर्म झाल्या होत्या आणि तेवढ्यात तिला एक मैत्रीण मिळाली होती: मागच्या रस्त्यावरची, लाल केसांची, ठिपकेदार गालांची. तिची आई बेकरीत काउंटरवर होती आणि शनिवारीही कामाला जायची. त्यामुळे आमच्या ट्रिपचं कळल्यावर ती पोरगी स्वतःच म्हणाली, "मी येऊ?" नाही म्हणायचं कसं, हे तुमच्या आईला सुचलं नाही. मग ती माझ्याकडे आली, हातात कागद घेऊन. अटी लिहून आणल्या होत्या. यादी करण्याची सवय कुणाकडून आली हे वेगळं सांगायला नको.

"आई, माझी फ्रेंड येणार आहे, तर प्लीज नॉर्मल वाग."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे तो साडीवर अनोरॅक नको घालू. तिला बाळ नाही म्हणायचं. फोर्स नाही करायचं, घे घे घे असं. आणि काकांना सांग, शिट्टी घरी ठेवा."

"अगं, शिट्टी त्यांची. मी कशी सांगू?"

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "आई, मला एकच मैत्रीण आहे."

एरवी तिच्या मराठीत साडी पुरुष असायची. हे वाक्य मात्र तिने एकही चूक न करता म्हटलं, म्हणून मला जास्त लागलं. मी सगळ्या अटी मान्य केल्या, टोपीचं ते पावसाळी अनोरॅक घरी ठेवायचीसुद्धा. त्या मैत्रिणीसाठी काकडीची त्रिकोणी सँडविचेससुद्धा केली. बाकीच्यांसाठी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. श्रीखंडाचा चक्का दोन दिवस बाथरूमच्या नळाला टांगलेला होता. मैत्रीण घरी आली तेव्हा तुमच्या आईने बाथरूम बंद पडल्याचं सांगून तिला घरी पिटाळलं होतं.

गाव पूर्व किनाऱ्यावरचं. त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी आमचं काही वाईट केलं नव्हतं. वाऱ्याने आमचं मात्र वाईट केलं. वाळूवर सतरंज्या अंथरल्या आणि पहिला डबा उघडला, तर भाजीत मिठापेक्षा वाळू जास्त. शिट्टी वाजली. सगळे उठले. आडोशाची जागा शोधायला सेक्रेटरी आणि मी पुढे निघालो.

दोन रस्ते ओलांडल्यावर झुडपांचं उंच हेज दिसलं. त्यात एक छोटं फाटक होतं, ते उघडं होतं, आणि आत हिरवळ. अशी हिरवळ मी तोवर पाहिली नव्हती. चौकोनी, सपाट, गालिचा अंथरावा तशी. आणि माणूस एकही नाही.

"बघा वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, "एवढी जागा, आणि हे लोक गाडीत बसून सँडविच खातात."

पण ते शिस्तीचे. फाटकावर बोर्ड होता म्हणून थांबले. "काय लिहिलंय बघा हो. चष्मा बसमध्ये राहिला माझा. तुमचं इंग्रजी चांगलं."

तर ऐका. बोर्डावर लिहिलं होतं, बाहेरचे बूट घालून हिरवळीवर येऊ नये. त्याखाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, क्लब, मेंबर्स वगैरे. ते मी वाचलं नाही. ठळक अक्षरातला नियम मला इतका आवडला की पुढे वाचायची गरजच वाटली नाही.

"पायातलं काढून जायचंय, एवढंच," मी म्हणाले.

"म्हणजे बसायला परवानगी आहे?"

"नसती, तर बूट काढायला कशाला सांगितलं असतं?"

इतकं तर्कशुद्ध वाक्य मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी बोललेले नाही. सेक्रेटरींना ते पटलं. त्यांनी शिट्टी वाजवली.

मग मी स्वतः उभं राहून चाळीस जोड कडेच्या फरसबंदीवर नीट लावून घेतले: पुरुषांचे डावीकडे, बायकांचे उजवीकडे, टोकं बाहेर. सतरंज्यांची पंगत मांडली. वाढपी फिरू लागले. ती लाल केसांची पोरगी मांडी घालायला दोन मिनिटांत शिकली. त्रिकोणी सँडविचेस तिने आजोबांना देऊन टाकली आणि पुरी श्रीखंडात बुडवून खाऊ लागली. तुमची आई तिच्या शेजारी बसली होती आणि मला वाटतं, त्या दिवसात पहिल्यांदाच तिने खांदे सैल सोडले होते.

तेवढ्यात फाटकातून पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली. दहा-बारा, सगळी सत्तरीच्या आसपासची, हातात छोट्या जड पिशव्या. बोल्स म्हणून एक खेळ आहे. त्यात हिरवळीवर छोटा पांढरा चेंडू ठेवतात आणि त्याच्या जवळात जवळ जातील असे मोठे चेंडू सावकाश घरंगळवत सोडतात. त्यासाठी गवताची पातीसुद्धा वाकडी असून चालत नाही. त्या हिरवळीवर आम्ही पुऱ्या वाढत होतो.

तुमच्या आईने त्यांना सगळ्यांत आधी पाहिलं. ती उठली आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली, नुकतीच रस्त्यावरून आल्यासारखी. त्यांचा कॅप्टन, ब्लेझर घातलेला, तिच्यापाशी थांबला.

"तू यांच्याबरोबर आहेस का?"

"नाही," ती म्हणाली.

मी ऐकलं. तिच्या मैत्रिणीनेही ऐकलं. कॅप्टन पुढे आला, आणि एवढ्या काळ्या डोक्यांत ते एक लाल डोकं पाहून तिथेच थबकला.

"आणि तू?"

"हो," ती तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "मी यांच्याबरोबर आहे."

सेक्रेटरी हातात पळी घेऊन लगबगीने पुढे झाले. "या, या! अगदी वेळेवर आलात. बसा जेवायला!"

"माफ करा," कॅप्टन म्हणाला. त्या माणसाचा चेहरा बिटासारखा झाला होता, पण माफी तोच मागत होता. "तुमच्या लक्षात आलं नसेल कदाचित. हे बोलिंग ग्रीन आहे."

"सुंदर आहे," सेक्रेटरी म्हणाले.

मग कॅप्टनचं लक्ष त्या चाळीस जोडांकडे गेलं. त्याने ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"तुम्ही बूट काढलेत."

"बोर्डावर लिहिलंय ना," मी म्हणाले.

त्याने फाटकावरच्या बोर्डाकडे पाहिलं. मग आपल्या लोकांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? बोर्ड वाचला त्यांनी." पांढऱ्या कपड्यांतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या क्लबातली भांडणं आमच्या मंडळापेक्षा कमी नसावीत.

आम्ही आठ मिनिटांत हिरवळ मोकळी केली. मंडळाने कुठलंही काम आठ मिनिटांत केल्याचं हे एकमेव उदाहरण. मागे बटाट्याच्या भाजीचा तळहाताएवढा पिवळा डाग राहिला. कॅप्टन त्याच्यापाशी गुडघे टेकून बसला होता.

"हे धुतल्याने जातं का?" त्याने मला विचारलं.

"कपड्यांवरून तर जात नाही," मी म्हणाले. आयुष्यात कधीकधी कमी प्रामाणिकपणा पुरतो.

परतीच्या बसमध्ये त्या दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या. मला वाटलं, मैत्रीण रागावली. पण ती खिडकीतून मेंढ्या मोजत होती. तोंड फिरवून बसली होती ती तुमची आई. पुढचे तीन आठवडे ती शाळेला पाच मिनिटं आधी निघायची, म्हणजे वाटेत गाठ पडायला नको. मी विचारलं तर म्हणाली, "सगळं काकांमुळे झालं. त्यांनी माझा नाक कापला." मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले. क्लबला माफीचं पत्र गेलं. सही सेक्रेटरींची, मजकूर माझा, कारण माझं इंग्रजी चांगलं. "सदर गैरसमज सर्वस्वी माझ्याकडून झाला" हे वाक्य मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना एकदा माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात ती पोरगी.

"ती घरी आहे?"

"वर आहे. ये, बस."

"ती माझ्याशी बोलत नाही."

मी विचारलं, "तू नाही रागावलीस तिच्यावर? त्या दिवशी ती 'नाही' म्हणाली म्हणून?"

तिने विचार केला. "माझी आई दुकानात गिऱ्हाइकांवर ओरडते ना, तेव्हा मीपण म्हणते, मी हिला ओळखत नाही." मग म्हणाली, "त्या पिवळ्या गोडातलं काही उरलंय का?"

तीन आठवड्यांनी कसं उरेल? पण चक्का टांगलेला होता, कारण दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मी तो तिथल्या तिथे साखर घालून घोटला. जिन्यावर पाऊल वाजलं. तुमची आई खाली आली, कुणाकडे न बघता खण उघडला, चमचा घेतला आणि तिच्या शेजारी त्याच वाटीत खायला बसली. पाहुण्यांना मी दुसऱ्या दिवशी शिरा केला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण दोघी हसत होत्या आणि दोष आधीच दुसऱ्याच्या नावावर नीट बसला होता. नीट बसलेली वस्तू हलवणं माझ्या स्वभावात नाही. सेक्रेटरींनी इतक्या वर्षांत बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तिच्याशी बोलताना परवा मला ते कळलं. तर बेटा, वाचता वाचता आवाज बदलला असेल तर पाणी पी. बोर्ड मी वाचला होता. काकांनी तुझं काही कापलं नाही. मी कापलं.

पुढे नव्वदच्या दशकात कॉलेजला जाईपर्यंत ती लाल केसांची मुलगी दर वर्षी ट्रिपला आली. तुमची आई दोनदाच आली. पंगतीत आग्रह कसा करायचा हे ती मैत्रीण मंडळात सगळ्यांपेक्षा चांगलं शिकली. सेक्रेटरींनी तिला तिसऱ्या, समेटाच्या समितीवर घेतलं.

आता मंडळाची बस निघत नाही. ज्याची त्याची गाडी आहे, आणि समुद्रावर गेलो की आम्हीही काचा वर करून बसतो. आजोबा नाहीत, सेक्रेटरी नाहीत. साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात नर्स असलेली, तुम्हाला वाढदिवसाला मोजे पाठवणारी तुमची मावशी म्हणजे ती लाल केसांची पोरगीच. ती आणि तुमची आई दर रविवारी फोनवर बोलतात. ते अजून चालू आहे.